भूतानी किरा: कुशुथारा विणतात कसा, ओळखायचा कसा, नेसायचा कसा

आडवा धागा

थिंफू-पारो करून आलेल्या मंडळींच्या फोटोंखाली "काय नाजूक भरतकाम!" असा एखादा प्रतिसाद हमखास येतो. ते भरतकाम नाही. सुई लागतच नाही, सगळी नक्षी मागावर कापड विणताविणताच भरली जाते. ते कसं, आणि त्यामुळे किंमत, टिकाऊपणा, नकलीची पारख या सगळ्याला काय फरक पडतो, त्यासाठी हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर कान धरावा.

आधी मूळ वस्त्र. किरा म्हणजे भूतानी बायकांचं नेसायचं वस्त्र. न शिवलेलं, आयताकृती, साधारण अडीच मीटर लांब आणि दीड मीटर रुंद. मात्र हे सलग कापड नसतं. जेमतेम अर्धा मीटर रुंदीच्या तीन पट्ट्या काठाला काठ लावून हाताने शिवलेल्या असतात. पट्टी अरुंद असण्याचं कारण माग. कमरेला बांधून जमिनीवर बसून विणायचं, त्यामुळे दोन हात जेवढे पोचतील तेवढीच रुंदी.

आत वोंजू, म्हणजे लांब बाह्यांचं पोलकं. वर तेगो, म्हणजे आखूड जाकीट. खांद्यांवर किरा अडकवायला कोमा नावाच्या जोडआकड्या, कमरेला केरा हा पट्टा. जोंगमध्ये, म्हणजे तिथल्या किल्लेवजा मठ-कचेरीत, किंवा समारंभाला डाव्या खांद्यावर राचू हा उपरण्यासारखा पट्टा. १९८९ च्या राजाज्ञेनंतर कचेऱ्या, शाळा आणि जोंगमध्ये राष्ट्रीय पोशाख सक्तीचा झाला, म्हणून ही विणकरी केवळ संग्रहालयापुरती उरलेली नाही. रोजच्या बाजारात तिला गिऱ्हाईक आहे.

कुशुथारा हा किऱ्याचा सगळ्यात मानाचा प्रकार. जमीन, म्हणजे नक्षीखालचं मूळ कापड, पांढरी आणि तिच्यावर रंगीत रेशमी नक्षी इतकी दाट की पांढरा रंग शोधावा लागतो. काळ्या किंवा निळ्या जमिनीवर तेच काम असेल तर ङोशम. पूर्व भूतानातल्या ल्हुन्त्से जिल्ह्यातलं खोमा हे गाव कुशुथारासाठी प्रसिद्ध आहे. हा सगळा कुर्तोए भाग, वांगचुक राजघराण्याचं मूळ दुंगकरही इथलंच.

मुक्ताई

छान धागा. प्रश्न: सुई नाही म्हणता, मग पैठणीसारखं का? तिथेही रंगीत धाग्यांच्या तिल्ल्या फिरवून पदरावर मोर काढतात.

आडवा धागा

सारखं दिसतं, पण रचना वेगळी. पैठणीच्या पदरात नक्षीचा रंगीत धागा हाच कापडाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, असतो. जिथे मोर आहे तिथे मोराचाच धागा ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, गुंफला जातो. तो काढला तर तिथे भोक पडेल. म्हणून अस्सल पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते.

कुशुथारात जमिनीचा बाणा वेगळा आणि नक्षीचा धागा त्याच्या जोडीला जादा. नक्षीचा प्रत्येक धागा उसवून काढला तरी खाली अख्खं पांढरं कापड शिल्लक राहतं.

आता मजेची गोष्ट. साध्या विणीत ताण्याचे अर्धे धागे वर उचललेले असतात, अर्धे खाली. नक्षीचा धागा फक्त वरच्या थरातल्या धाग्यांखालून काढायचा. खालच्या थराला तो शिवतसुद्धा नाही. त्यातून ताणा इतका दाट, की बाणा जवळपास दिसत नाही. परिणामी मागची बाजू कोरी राहते. उलटी बाजू पाहिली तर पांढरं कापड आणि कुठेकुठे रंगाची पुसट छटा, बस्स. नवख्यांना वाटतं नक्षी वरून चिकटवली की काय. भरतकाम असतं तर मागे टाके दिसले असते.

तिल्ली

अगदी बरोबर. नक्षीच्या दोन पद्धतींबद्दल थोडं लिहिते, कारण किमतीचा अर्धा हिशोब तिथे आहे.

साप्मा: नक्षीचा धागा जमिनीच्या बाण्याला समांतर, आडवा, सपाट पडतो. वरच्या थरातले ठरावीक धागे टोकदार काडीने उचलायचे, त्याखालून रंगीत धागा सरकवायचा, मग जमिनीचा एक बाणा टाकून ठोकायचा. पुन्हा तेच. पोत साटिनसारखा गुळगुळीत. उचलायची काडी बांबूची, पितळेची किंवा साळिंदराच्या काट्याची. टोक बोथट झालं की दोनऐवजी तीन धागे उचलले जातात आणि चौकोनाची कड वाकडी होते.

थ्रिमा: इथे धागा नुसता सरकत नाही. ताण्याच्या धाग्यांभोवती वेढे घेत, शेजारच्या धाग्याला पीळ मारत पुढे जातो. त्यामुळे नक्षी उठावदार, साखळीसारखी दिसते. भरतकामाचा गैरसमज मुख्यतः थ्रिमामुळेच होतो. प्रत्येक वेढा बोटांनी द्यायचा, घाई करायला वाव नाही.

चांगल्या कुशुथारात दोन्ही एकाच कापडात असतात. बोट फिरवलं की कळतं, सपाट पट्टा आला की साप्मा, दाणेदार आला की थ्रिमा. किती भाग थ्रिमाचा आहे ते आधी पाहावं, मग किंमत विचारावी.

नक्षीत काय असतं? वज्र, स्वस्तिक, अंतहीन गाठ, कमळ, झाडपानं, आणि हे सगळं काटकोनांत आणि तिरक्या रेषांत बसवलेलं, कारण मोजून धागे उचलायचे असतात. गोलाई काढायला जाल तर पायऱ्या पडतात. कागदावर आलेख नसतो. जुना नमुना समोर ठेवून किंवा डोक्यातून मोजत विणायचं.

पश्चिमरंग

मागाबद्दल सविस्तर लिहाल का? कमरेला बांधायचा माग ईशान्य भारतातही असतो, तोच का?

आडवा धागा

जातकुळी तीच. भूतानात त्याला पांगथाग म्हणतात. भाग असे:

वरचा दांडा भिंतीला किंवा दोन खांबांना बांधलेला. खालचा दांडा विणकरणीच्या मांडीशी, दोन फाकांचा, त्यात कापड चिमटलेलं. त्या दांड्याला कातडी किंवा जाड कापडी पट्टा, तो कमरेमागून येतो. पायांना टेकायला आडवी फळी. म्हणजे ताण द्यायचा तो अंगाने. मागे रेललं की ताणा ताठ, पुढे झुकलं की सैल. धागे उचलायच्या वेळी किंचित पुढे झुकायचं, ठोकायच्या वेळी मागे रेलायचं. हे लयीत जमलं नाही तर एक वीत घट्ट आणि पुढची वीत ढिली होते.

फणी नसते. हे आपल्याकडच्या विणकरांना विचित्र वाटेल. आपल्या हातमागावर फणी रुंदी राखते आणि ठोकतेही. इथे ठोकायला लाकडाची जड तलवार आणि रुंदी राखायला दोन टोकांना खिळे असलेली बांबूची कामटी, कापडाच्या खालून काठांना टोचून ताणून धरलेली. ही कामटी दर दोनतीन बोटांवर पुढे सरकवावी लागते. विसरलं की काठ आत ओढले जातात, पट्टी मध्येच कमरेत बारीक होते. शिवताना मग ती शेजारच्या पट्टीशी जुळत नाही आणि किऱ्याला झोल पडतो.

ताणा गोल असतो, म्हणजे दोन दांड्यांभोवती पट्ट्यासारखा फिरलेला. अडीच मीटर पट्टीसाठी दांड्यांतलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास पुरतं. जेवढं विणून झालं तेवढं ढिलं करून फिरवायचं, नवा भाग समोर येतो. ताणा भरतानाच एका बारीक काडीभोवती धाग्यांचे वेढे दोन्हीकडून आणून परतवलेले असतात. विणून झाल्यावर ती काडी ओढून काढली की गोल कापड उघडून सपाट पट्टी होते, कात्री न लावता. टोकाला आखूड फासे राहतात.

ताणा भरणं हे दोघींचं काम, बाहेर अंगणात खुंट्या रोवून. एखादा वेढा काडीच्या चुकीच्या बाजूने गेला तर ते शेवटपर्यंत कळत नाही. कळतं तेव्हा काडी निघत नाही आणि धागा कापावा लागतो.

तिल्ली

तीन पट्ट्या जुळवण्याचं त्रांगडंही सांगायला हवं. तिन्हींवर नक्षीच्या रांगा एकाच उंचीवर यायला हव्यात. पण पहिली पट्टी विणून झाल्यावर दुसरी अनेक आठवड्यांनी सुरू होते, हवा बदलते, हात बदलतो, ठोकण्याचा जोर बदलतो. उपाय म्हणजे पहिल्या पट्टीच्या प्रत्येक रांगेची खूण एका काडीवर किंवा दोऱ्यावर घेऊन ठेवायची आणि दर रांगेला ताडून पाहायची. शेवटी एकदम मोजलं तर बोटभर फरक सहज पडतो, आणि मग नक्षी दाबून किंवा ताणून तो भरून काढलेला स्पष्ट दिसतो. विकत घेताना शिवणीच्या दोन्ही बाजूंच्या रांगा जुळतात का ते पाहा. थोडा, केसभर फरक हा हाताचा. पण शिवणीपाशी नक्षी पायरीसारखी चढत-उतरत गेली असेल तर काम कच्चं.

शिवण हातचीच आणि मुद्दाम सुटसुटीत. पट्ट्या सोडवून धुता येतात, मधली झिजली तर आतबाहेर बदलता येते.

मुक्ताई

किती दिवस लागतात?

तिल्ली

नक्षीवर आहे. दाट कुशुथाराला सहा महिन्यांपासून वर्षभर, कधी त्याहून जास्त. हिशोब करून बघा: तीन पट्ट्या म्हणजे साडेसात मीटर. समजा नऊ महिन्यांत दोनशे दिवस मागावर बसता आलं, तर दिवसाला पावणेचार सेंटिमीटर पडतात. शेतीच्या दिवसांत तेवढंही नाही.

एरंडोली

सुताबद्दल कुणी बोललं नाही अजून, तर मी सुरू करतो.

भूतानात दोन रेशमं: सेशू आणि बुरा. सेशू म्हणजे तुतीचं, कोशावरून अखंड उकललेलं, चकचकीत, निसरडं. बुरा म्हणजे मुख्यतः आसामातलं एरी, कातलेलं, मंद चमकेचं, हाताला उबदार. एरीचा किडा एरंडाची पानं खातो. 'एरंड' वरूनच ते नाव. एरीच्या कोशाला एका टोकाला तोंड असतं, धागा अखंड नसतो, म्हणून तो कापसासारखा कातावा लागतो. सेशूची बारीक लकाकी एरीला येत नाही ती याच कारणाने.

बुराचा माल शतकानुशतकं आसामच्या पायथ्याकडून वर चढलेला आहे, आजही समद्रुप जोंखारच्या बाजूने येतो. त्राशिगांग जिल्ह्यातलं राडी बुराच्या कापडासाठी नावाजलेलं. पूर्वेकडच्या मेराक-साकतेंगमधल्या ब्रोक्पा बायकांचा पोशाख तर किरा नव्हेच, त्या लाल पट्ट्यांचा बुराचा अंगरखा घालतात. याचा अर्थ 'भूतानी बाई म्हणजे किरा' हे समीकरणही पूर्ण खरं नाही.

बौद्ध देश असल्यामुळे किडा मारून रेशीम काढणं तिथे फारसं रुजलं नाही. एरीत पतंग बाहेर पडल्यावर कोश वापरता येतो, म्हणून ते अहिंसक आणि म्हणून तिथे प्रिय.

पश्चिमरंग

एरंडोली, शेवटच्या वाक्याला थोडी दुरुस्ती. पतंग बाहेर पडल्यावर एरीचा कोश *वापरता येतो* हे खरं, पण दर वेळी तसंच होतं असं नाही. आसामात एरीची आतली अळी खाल्ली जाते, आवडीने. कोशाच्या उघड्या तोंडातून ती काढून घेतात आणि कोश सुताला जातो. म्हणजे 'एरी आहे म्हणून अहिंसक' असं डोळे मिटून म्हणू नये, विणणाऱ्याला कळतही नाही सूत कुठल्या कोशाचं आलं.

एरंडोली

मान्य. मी घाईत लिहिलं. 'मारल्याशिवायही सूत निघू शकतं' एवढंच म्हणायला हवं होतं.

पश्चिमरंग

रंगांवर लिहितो, तो माझा प्रांत.

परंपरेने लाल लाखेचा आणि मंजिष्ठेचा, पिवळा हळदीचा, निळा निळीचा. नीळ आपल्याकडच्या झुडपाची नव्हे. तिकडची नीळ कारवीच्या वंशातली, सह्याद्रीत सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीची जातबहीण. पानं कुजवून, राखेच्या क्षारात मुरवून हौद तयार करायचा. हौदातून सूत हिरवट बाहेर येतं आणि हवेत निळं होतं. एका बुडीत गडद होत नाही, बुडवा-वाळवा पुन्हापुन्हा.

रंग पकडायला तुरटीऐवजी लोध्राच्या वंशातल्या झाडाची पानं. या झाडाच्या पानांत ॲल्युमिनियम साठतं, म्हणजे झाडाने स्वतःच बनवलेली तुरटी. त्याच पानांनी सुताला फिका पिवळा रंगही चढतो, त्यावर लाख दिली की लाल ऊबदार निघतो.

लाखेची पद्धत: काड्यांवरची लाख खरवडून कुटायची, पाण्यात भिजत ठेवायची, गाळायची, आंबट फळाचा रस घालायचा. लोध्रपानांत आधी भिजवलेली लडी त्यात टाकून मंद आचेवर ठेवायची. उकळी फुटू द्यायची नाही, रेशमाची चमक जाते. लडी घट्ट बांधली असेल तर गाठीपाशी पांढरं राहतं, म्हणून बांधणी सैल आठ आकड्यासारखी.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. लाखेचा रंग आंबटात तांबडा राहतो, क्षारात जांभळट होतो. कपड्याचा साबण क्षारयुक्त. जुना लाखेचा किरा साबणाने धुतलात तर लाल पट्टे किरमिजी-जांभळे झालेच म्हणून समजा. हळद उन्हात उडते ती वेगळीच.

आज मात्र बाजारातलं बहुतेक सूत रासायनिक रंगाचंच. झगझगीत गुलाबी आणि पोपटी दिसला की 'नैसर्गिक रंग' या विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. नैसर्गिक रंगात हिरवा काढायला निळीवर पिवळा चढवावा लागतो, आणि तो कधीच पोपटी येत नाही.

कोकणातलं कपाट

मुद्द्याचं विचारते. भूतानला जाणाऱ्या नातेवाइकांकडून एक किरा मागवायचा आहे. फसू नये म्हणून काय बघायला सांगू? भारतात बनलेले नकली असतात म्हणे.

तिल्ली

असतात, भारतातल्या यंत्रमागांवर किऱ्याची नक्षी सर्रास निघते आणि तिथल्या दुकानांतही विकली जाते. स्वस्त आणि रोजच्या वापराला म्हणून घेतली तर त्यात वाईट काही नाही. हातमागाच्या भावाने घेतली तर वाईट.

तुमच्या नातेवाइकांना पहिली गोष्ट सांगा: कापड उलटं करा. हातच्या कामात नक्षीचा धागा आपल्या चौकोनापुरता फिरून परत येतो, त्यामुळे एकाच आडव्या रांगेत लाल, शेजारी हिरवा, शेजारी निळा असे रंग येऊ शकतात आणि मागे काहीही लोंबत नाही. यंत्राला प्रत्येक रंग या काठापासून त्या काठापर्यंत न्यावा लागतो. मागे लांब धागे लोंबतात किंवा कापून टाकल्याची मिशी दिसते. अस्तर शिवून मागची बाजू झाकलेली असेल तर आधी शंका घ्या.

दुसरं, नक्षी जरा जास्तच तंतोतंत आहे का. हाताच्या कामात दहाव्या फुलात एखादा धागा इकडेतिकडे होतो.

तिसरं, शिवण. दीड मीटर रुंदीचं सलग, बिनजोड कापड पांगथागावरचं असूच शकत नाही. मात्र उलट नियम लावू नका, शिवण मुद्दाम मारून विकता येतेच.

आडवा धागा

आणि सूत. इथे लोक एक चूक करतात, फक्त नक्षीचा धागा तपासतात. जमीन आणि नक्षी, दोन्ही वेगवेगळी तपासा. सुती जमिनीवर रेशमी नक्षी हा अगदी प्रामाणिक आणि चालता प्रकार आहे, पण तो रेशमावर रेशीम या भावाने खपवला जातो. सगळ्यात खाली सुतावर ॲक्रिलिक, मधे सुतावर रेशीम, वर सेशूवर सेशू. ङुल्त्रुम हे भूतानचं चलन आणि रुपया एकाच भावाने चालतात, त्यामुळे हिशोब सोपा: रेशमावर रेशीम, दाट कुशुथारा लाखाच्या घरात आणि त्याच्या वर सहज जातो. कुणी पंधरा हजारांत 'पूर्ण रेशीम कुशुथारा' देत असेल तर त्यात रेशीम कुठे आहे ते शोधावं लागेल.

एरंडोली

जाळून बघायची चाचणी: टोकाच्या झालरीतला एकच धागा, विक्रेत्याला विचारून. रेशीम केस जळल्याच्या वासाने जळतं आणि राख बोटात चुरते. ॲक्रिलिक वितळतं, कडक काळा मणी होतो. रेयॉन आणि सूत कागदासारखं जळतं. रेयॉनची चमक सेशूसारखी असल्याने फसगत तिथेच जास्त होते.

पण ही चाचणी सेशू की बुरा हे सांगत नाही, दोन्ही रेशमंच. त्यासाठी उजेडात धरा. बुराच्या धाग्याला बारीक लव आणि जाडीत चढउतार. लवेवरून ॲक्रिलिकचा घोटाळा होऊ शकतो, तेव्हा चोळून बघा, ॲक्रिलिकच्या गोळ्या होतात.

मुक्ताई

ऐकापूर हे नाव ऐकलं होतं, ते काय? तेही कुशुथाराच का?

आडवा धागा

नाही, बरोबर उलटं. कुशुथारात जादा धागा आडवा, ऐकापूरमध्ये जादा धागा उभा. नक्षीसाठी लागणारे धागे ताणा भरतानाच घातलेले असतात, विणताना ते वर-खाली करून पट्ट्यात नक्षी उठवायची. त्यामुळे नक्षी पट्ट्यापट्ट्यांनी लांबीभर धावते. पट्ट्यातल्या आकृतीच्या आडव्या रेघांना 'पाय' म्हणतात, ते विषम संख्येत मोजतात आणि पाय जितके जास्त तितका मान आणि भाव जास्त. ताणा चुकला तर अख्खी पट्टी चुकली, मधे दुरुस्ती नाही. कुशुथारात निदान चुकलेली रांग उसवता येते.

ऐकापूर बायका किऱ्यासाठी आणि पुरुष घोसाठी, म्हणजे त्यांच्या अंगरख्यासाठी, दोघंही वापरतात. किऱ्यात ताण्याचे पट्टे अंगाभोवती आडवे येतात, पुरुषांच्या घोमध्ये तेच कापड उभं लावतात. फोटोत कापड बघून गोंधळ झाला तर एवढं लक्षात ठेवा.

कोकणातलं कपाट

आता नेसणं. नऊवारीवाल्यांना जमेल का?

तिल्ली

नऊवारीपेक्षा सोपं, पण लांबी सांभाळणं अवघड. काष्टा नाही, पदर नाही.

आत परकर आणि वोंजू. किरा छातीच्या वरच्या पातळीला आडवा धरायचा, लांबी अंगाभोवती गुंडाळायची. वरचा काठ पाठीवरून पुढे आणून दोन्ही खांद्यांवर पुढच्या काठाशी कोमाने अडकवायचा. उरलेला भाग पुढून एका बाजूला आडवी खोल घडी घालून आणायचा, ही घडीच चालायला मोकळीक देते. मग खालचा काठ घोट्यापाशी सर्वत्र एका पातळीत आहे का ते पाहून केरा करकचून बांधायचा. केऱ्याच्या वर कापडाचा थोडा फुगवटा राहतो. वर तेगो, आणि वोंजूच्या बाह्या तेगोच्या बाह्यांवर दुमडून रुंद पट्टी दिसेल अशा उलटायच्या.

काय बिघडतं: खांदे आधी अडकवून मग घडी घातली की एक बाजू वर चढते. घडीची दिशा आणि खालची पातळी आधी, खांदे नंतर पक्के. आणि केरा सैल राहिला की रेशीम रेशमावरून घसरतं, विशेषतः सेशू. जुने केरे वीतभर रुंद असत आणि तिहेरी दुमडून बांधत, आताचे अरुंद आणि ताठ असतात. नवख्यांना जुना रुंदच बरा, पकड चांगली.

आजकाल शहरात अर्धा किरा जास्त दिसतो, कमरेपासून खाली स्कर्टसारखा, हूक किंवा बंद लावलेला. त्याला कोमा लागत नाही. पाच मिनिटांचं काम.

एरंडोली

काही केरे पत्त्यांच्या मागावर होतात, त्याची भर. चौकोनी पत्ते, पूर्वी कातड्याचे, आता पुठ्ठ्याचे किंवा जुन्या एक्स-रे फिल्मचेही. कोपऱ्यांत भोकं, भोकांतून ताण्याचे धागे. सगळे पत्ते पाव फेरा फिरवायचे, बाणा टाकायचा, पुन्हा पाव फेरा. धागे एकमेकांभोवती पिळले जातात म्हणून पट्टा दोरखंडासारखा मजबूत. पत्ते एकाच दिशेने फिरवत राहिलात तर विणलेल्या बाजूच्या पलीकडेही तितकाच पीळ साचतो आणि पत्ते अडकतात. दिशा उलटी करायची किंवा पीळ बोटांनी पुढे ढकलून सोडवायचा.

कोकणातलं कपाट

शेवटचं. आमच्याकडे पावसाळ्यात चपला हिरव्या होतात. हा किरा टिकेल का?

पश्चिमरंग

टिकेल, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलात तर नाही. जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. घडी घालण्यापेक्षा पुठ्ठ्याच्या नळीवर मलमल गुंडाळून त्यावर किरा गुंडाळलेला बरा, नक्षी बाहेरच्या बाजूला. घडीच घालायची असेल तर दर तीन महिन्यांनी मोड बदला, पट्ट्यांच्या शिवणीवर मोड कधीच नको. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका. श्रावणानंतर ऊन आलं की सावलीत, पंख्याखाली एक दिवस उघडा ठेवा. थेट उन्हात नाही.

धुणं नाही, ड्रायक्लीन. त्याआधी पांढरा ओला बोळा प्रत्येक रंगावर दाबून बघा, रंग उतरला तर दुकानदाराला आधी सांगा. कुशुथाराची पांढरी जमीन एकदा लाल झाली की परत पांढरी होत नाही. इस्त्री उलट्या बाजूने, मधे कापड ठेवून. थ्रिमाच्या भागावर इस्त्री दाबायची नाही, उठाव चेपतो.

तिल्ली

आणि बांगड्या जपा. नक्षीचे धागे वर तरंगते असतात, बांगडीच्या खाचेत किंवा मंगळसूत्राच्या आकड्यात अडकून फास बाहेर येतो. तो कापायचा नाही. आपल्या सवयीने सुईने मागच्या बाजूला ओढायलाही जाऊ नका, मागे त्याला जागाच नाही, जमिनीचा दाट ताणा फाटेल. बोथट सुईने त्याच रांगेत शेजारच्या वेढ्याखाली थोडाथोडा सरकवत नेऊन फास जिरवायचा. कोमासुद्धा दर वेळी त्याच जागी टोचू नका, दोन बोटं इकडेतिकडे. जड चांदीच्या कोमाने खांद्यापाशी काठ आधी विरतो, नक्षी शाबूत असताना.

मुक्ताई

वाचनखूण साठवली. थिंफूला गेलं तर बघायला कुठे जावं?

आडवा धागा

२००१ साली सुरू झालेलं वस्त्रसंग्रहालय आहे, शेजारीच राजघराण्याच्या आश्रयाखालची वस्त्र अकादमी, तिथे मागावर काम चालू असतं. तेरा पारंपरिक कलांच्या शाळेत विणकाम, त्यांच्या भाषेत थागझो, शिकवतात. वेळ असेल आणि पूर्वेकडे जाणं जमणार असेल तर खोमा. तिथे घराच्या ओसरीवरच माग लागलेले असतात. विणणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय कापडाला हात लावू नका, आणि ती धागे मोजत असेल तर ती रांग संपेपर्यंत थांबा.

जुना किरा विकत घेणार असाल तर एक सूचना. पुरातन वस्तू देशाबाहेर न्यायला तिथल्या सांस्कृतिक खात्याचा दाखला लागतो. विक्रेत्याकडून पावती आणि दाखला दोन्ही घ्या, विमानतळावर वाद घालून उपयोग नसतो.

कोकणातलं कपाट

मावशींना उलटी बाजू, शिवण, झालरीचा एक धागा, एवढं लिहून पाठवलं. त्यांचा प्रश्न आला: दुकानात काडी पेटवू देतील का?

एरंडोली

दुकानात नको! धागा मागून घ्या, बाहेर येऊन जाळा, मग आत जाऊन भाव करा. धागाच द्यायला नकार दिला तर पुढच्या दुकानात.